भूक नसताना येणारी तलफ: जादा वजनाच्या किशोरवयीन मुलांना खाण्याचा मोह आवरायला कसे शिकवावे

वजन जास्त असलेल्या मुलाच्या कानावर घरात सर्वांत जास्त वेळा पडणारे वाक्य बहुधा 'जरा मन आवर' हे असते. मन आवरायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे मात्र त्याला कोणी शिकवत नाही. पोहायला शिकवताना आपण मुलाला काठावर उभे करून 'बुडू नकोस' एवढेच सांगत नाही. त्याला पाण्यात उतरवतो, श्वास कधी घ्यायचा ते दाखवतो आणि रोज थोडा वेळ सराव करून घेतो. आवडीचा पदार्थ समोर असताना न खाता थांबता येणे हेही सरावानेच येणारे कौशल्य आहे. तो सराव घरी कसा सुरू करावा, हे साधारण 12 ते 17 वर्षांच्या मुलामुलींच्या पालकांना पायरीपायरीने सांगण्यासाठी हा लेख आहे. दम देणे आणि 'डाएट' लावणे या दोन उपायांपलीकडे ज्यांना अजून काही ठाऊक नाही, असे पालक माझ्या डोळ्यांसमोर आहेत.

सुरुवात करण्याआधी

मुलाचे वजन खरोखर जास्त आहे का, हे नातेवाइकांच्या शेऱ्यांवरून किंवा मोठ्यांच्या बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, हे दाखवणारा आकडा) तक्त्यावरून ठरवू नये. वाढत्या वयात बीएमआय दर वर्षी बदलत असतो, म्हणून मुलांसाठी वयानुसार आणि लिंगानुसार वेगळे आलेख वापरतात. भारतीय बालरोग अकादमीने 2015 साली 5 ते 18 वर्षे वयोगटासाठी असे आलेख प्रसिद्ध केले. त्यांत प्रौढांच्या 23 आणि 27 या बीएमआयशी जुळणाऱ्या दोन रेषा असून पहिलीच्या वर जादा वजन आणि दुसरीच्या वर लठ्ठपणा मानला जातो. आपल्या बालरोगतज्ज्ञांकडून मुलाचा बिंदू या आलेखावर मांडून घ्यावा. मानेच्या मागे किंवा काखेत त्वचा काळसर आणि जाडसर झाली असेल, तर तो मळ समजून बेसनाने घासत बसू नये. इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असू शकते. रात्री जोरात घोरणे किंवा मुलींची पाळी अनियमित असणे, हेही डॉक्टरांना आवर्जून सांगावे. खासगी तपासणी परवडत नसेल तर मुंबईत परळचे केईएम, शीवचे लोकमान्य टिळक आणि मुंबई सेंट्रलचे नायर या महापालिकेच्या रुग्णालयांत बालरोग विभाग आहेत. परळलाच मुलांचे वाडिया रुग्णालयही आहे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. मूल लपूनछपून थोड्या वेळात खूप खात असेल, खाताना आपल्याला थांबताच येत नाही असे सांगत असेल, जेवणानंतर उलटी करत असेल, सलग जेवण टाळत असेल किंवा आपल्या शरीराविषयी सतत घृणेने बोलत असेल, तर पुढे दिलेला सराव घरी सुरू करू नये. आधी मानसोपचारतज्ज्ञांना किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञांना भेटावे. कोणाला विचारावे हे सुचत नसेल तर टेली मानस या सरकारी सेवेच्या 14416 या क्रमांकावर मार्गदर्शन मिळते. मूल मधुमेहासाठी इन्सुलिन घेत असेल, तर खाण्याच्या वेळांत बदल करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घेणे अनिवार्य आहे.

आणि मुलाची संमती हवी. ती औपचारिकता म्हणून घ्यायची नसते. चौदा वर्षांच्या मुलाच्या मनाविरुद्ध त्याच्यासमोर वडापाव ठेवून 'आता खाऊ नकोस' म्हणणे ही शिक्षा ठरते, आणि शिक्षेतून मूल फक्त लपून खायला शिकते. बोलणे वजनापासून सुरू न करता त्याच्या स्वतःच्या अनुभवापासून सुरू करावे. 'पोट भरलेलं असतानाही कधी कधी खाल्लं जातं आणि नंतर वाईट वाटतं, असं तुझं होतं का? माझं होतं,' इतके साधे वाक्य पुरते. बहुतेक मुले यावर 'हो' म्हणतात, कारण आपल्याला हे पहिल्यांदाच कोणीतरी न रागावता विचारले, याचे त्यांना हायसे वाटते.

तलफ कशी तयार होते

मराठीत भूक आणि तलफ हे दोन वेगळे शब्द आहेत, ही आपली मोठी सोय आहे. तलफ हा शब्द आपण सहसा चहा-तंबाखूसाठी वापरतो, पण या सरावापुरता तो खाण्यासाठी घेऊ या. भूक पोटातून आणि हळूहळू येते, आणि ती पोळीभाजीनेही भागते. तलफ अचानक येते, एखाद्या ठरावीक पदार्थाचीच येते आणि बहुतेक वेळा काहीतरी दिसल्यावर, ऐकल्यावर किंवा वास आल्यावर येते.

रशियन शास्त्रज्ञ इव्हान पाव्हलोव्ह यांच्या कुत्र्यांचा प्रयोग शाळेत अनेकांनी वाचलेला असतो. अन्नाआधी ठरावीक खूण वारंवार मिळाली की पुढे नुसत्या खुणेनेही कुत्र्याच्या तोंडाला लाळ सुटते. मानसशास्त्राच्या मराठी पुस्तकांत याला अभिसंधान म्हणतात. क्लास सुटल्यावर स्टेशनकडे चालताना दोन वर्षे रोज समोसा खाणाऱ्या मुलाचे शरीर त्या वळणावर पोहोचताच खाण्याची तयारी करू लागते, मग तासाभरापूर्वी डबा संपवलेला असला तरी. यात त्याचा आळस नाही आणि हावरटपणाही नाही.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली शॅक्टर यांनी 1968 मध्ये असे मांडले की लठ्ठ व्यक्ती पोटातल्या संकेतांपेक्षा बाहेरच्या खुणांवर अधिक खातात. पुढच्या संशोधनात ही विभागणी इतकी सरळ राहिली नाही. बारीक माणसेही बाहेरच्या खुणांना बळी पडतात, असे दिसून आले. तरीही काही मुलांना अन्नाच्या खुणा इतरांपेक्षा जास्त ओढतात, ही गोष्ट आज बऱ्यापैकी प्रस्थापित आहे, आणि ती बरीचशी जन्मजात असते. नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट विद्यापीठाच्या अनिता यान्सेन यांनी 1998 मध्ये अतिखाण्याचे शिकण्यावर आधारित स्पष्टीकरण मांडले: खूण दिसली की खायचे, हे जर शिकले गेले असेल, तर खूण समोर ठेवून न खाण्याचा वारंवार अनुभव देऊन त्यावर नवे शिक्षणही चढवता येईल. अमेरिकेत केरी बुटेल आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या चाचणीत 8 ते 12 वर्षांच्या 36 मुलांना दोन प्रकारचे प्रशिक्षण दिले. एका गटाला भूक ओळखायला शिकवले आणि दुसऱ्या गटाकडून पदार्थ समोर ठेवून थांबण्याचा सराव करून घेतला. दुसऱ्या गटातील मुलांचे भूक नसताना खाणे कमी झाले आणि हा फरक सहा महिन्यांनंतरही टिकून होता. मास्ट्रिख्टच्याच गटाने 2018 मध्ये लठ्ठ किशोरवयीन मुलांवर केलेल्या अभ्यासात सरावासाठी वापरलेल्या पदार्थांबरोबर न वापरलेल्या पदार्थांचेही अतिखाणे घटलेले आढळले.

या अभ्यासांतील मुलांची संख्या लहान आहे, हे मी मुद्दाम नोंदवते. या सरावाने दहा किलो वजन उतरेल असे आश्वासन कोणी दिले तर त्यावर विश्वास ठेवू नये. त्यातून मिळते ते भूक नसतानाच्या खाण्यावरचे नियंत्रण. वजनासाठी आहार, हालचाल, झोप आणि वैद्यकीय देखरेख यांची जोड लागतेच.

पहिली पायरी: आठवडाभराची वही

पहिल्या आठवड्यात काहीही बदलायचे नाही. मुलाने एक छोटी वही किंवा फोनमधली नोंद ठेवावी आणि जेवणाव्यतिरिक्त जेव्हा जेव्हा काही खाल्ले किंवा खावेसे वाटले, तेव्हा चार गोष्टी लिहाव्यात: वेळ, जागा, त्याच्या लगेच आधी काय दिसले किंवा घडले, आणि भूक शून्य ते दहा यांपैकी किती होती. किती खाल्ले आणि त्यात किती कॅलरी होत्या हे लिहून घेऊ नये. तसे केले की वही ताबडतोब हिशेबाची आणि पुढे खोट्या हिशेबाची होते. वही मुलाची असते. पालकांनी ती विचारल्याशिवाय उघडू नये.

भुकेचे आकडे सुरुवातीला गोंधळात टाकतात, म्हणून त्यांना शरीराचे अर्थ जोडून द्यावेत. शून्य म्हणजे लग्नाच्या पंगतीतून उठल्यावर जड झालेले पोट; पाच म्हणजे जेवण मिळाले तर आनंदाने जेवता येईल, पण अर्धा तास थांबायलाही हरकत नाही अशी स्थिती; आणि दहा म्हणजे उपासाच्या दिवशी संध्याकाळी डोके दुखू लागते ती अवस्था. काही मुलांना पहिले तीन-चार दिवस भुकेचा आकडा सांगताच येत नाही. अशा मुलांसाठी मी पूर्ण दोन आठवडे याच पायरीवर थांबण्याचा सल्ला देते, कारण भूक आणि तलफ यांतला फरक ज्याला ओळखता येत नाही, त्याने पुढचा सराव केला तर खऱ्या भुकेलाही तो दाबू लागेल, आणि वाढत्या वयात ते घातक आहे.

आठवड्याच्या शेवटी मुलाबरोबर बसून नोंदी वाचल्या की मुंबईच्या मुलाचा दिवस समोर उभा राहतो. मधल्या सुट्टीत कोणी तरी फोडलेले वेफर्सचे पाकीट, दादरला पुलावरून उतरताना येणारा तळणीचा वास, घाटकोपरच्या खाऊ गल्लीतून जाणारा क्लासचा रस्ता, खालच्या मजल्यावर आलेल्या डिलिव्हरीवाल्याची बेल, आणि रात्री साडेदहाला फोनवर दिसणारा वितळत्या चीजचा व्हिडिओ. यांतल्या दोन किंवा तीन खुणाच बहुतेक अतिखाण्याच्या मुळाशी असतात. तेवढ्याच निवडाव्यात.

दुसरी पायरी: आधी घर बदलावे

जी खूण हटवता येते तिच्याशी मुलाला झुंजायला लावू नये, असे माझे ठाम मत आहे. ओट्यावर काचेच्या बरणीत ठेवलेली शेव, टीव्हीखाली पडलेला बिस्किटांचा पुडा, फ्रिज उघडताच समोर दिसणारी कोल्ड्रिंकची बाटली यांची जागा बदलावी किंवा त्या घरात आणणेच थांबवावे, आणि हा नियम घरातल्या सर्वांना सारखाच असावा. एका खोलीच्या किंवा वन बीएचके घरात पदार्थ दृष्टीआड ठेवायला जागा नसते, तिथे अपारदर्शक डबा आणि वरचे फडताळ एवढ्यानेही फरक पडतो. बाबांनी सोफ्यावर बसून चिवडा खायचा आणि मुलीने शेजारी बसून मन आवरायचे, ही व्यवस्था अन्यायाची आहे, आणि मुलांना अन्याय लगेच कळतो.

आजी-आजोबांशी स्वतंत्रपणे आणि आदराने बोलावे. 'खाऊ दे गं त्याला, वाढीचं वय आहे' या वाक्यामागे जे प्रेम आहे ते खरे आहे, आणि ज्या पिढीने टंचाई पाहिली तिच्या लेखी भरलेले ताट म्हणजे माया. आजीला खाऊ देण्यापासून तोडू नये. खाऊची वेळ ठरवून द्यावी. शाळेतून आल्यावर आजीच्या हातचे थालीपीठ हे त्या मुलाचे ठरलेले चौथे खाणे असू शकते, आणि ते भुकेवर खाल्लेले असल्याने त्यात आक्षेपार्ह काही नाही.

जेवणाच्या वेळा नियमित असल्याशिवाय पुढचे काहीही यशस्वी होत नाही. सकाळी नुसत्या चहावर शाळेत गेलेले मूल दुपारी खाऊ गल्लीत थांबते ते भुकेने, आणि त्याला तलफ म्हणून नाव ठेवणे चुकीचे आहे. झोपेचेही तसेच आहे. या वयात 8 ते 10 तास झोप लागते. ती कमी पडली की दुसऱ्या दिवशी गोड आणि तळलेले जास्त हवेसे वाटते.

तिसरी पायरी: पदार्थ समोर ठेवून सराव

हा या प्रशिक्षणाचा गाभा आहे, म्हणून तो सावकाश वाचावा. शक्य असेल तर पहिले दोन-तीन सराव चिकित्सा मानसशास्त्रज्ञांच्या उपस्थितीत करावेत.

वेळ जेवणानंतर साधारण तासाभराची निवडावी. मुलाने भुकेचा आकडा सांगावा, आणि तो तीनपेक्षा जास्त असेल तर त्या दिवशी सराव न करता त्याला खायला द्यावे. पदार्थ मुलाने स्वतः निवडावा, पण सुरुवात सर्वांत आवडत्या पदार्थाने करू नये. ज्याची तलफ दहापैकी पाच-सहा असते, त्याने करावी. प्रमाण अगदी थोडे असावे: चार वेफर्स, अर्धा वडा, चॉकलेटचा एक चौकोन. खोलीत मूल आणि पालक दोघेच असावेत. भावंडांनी भोवती जमून पाहणे किंवा चिडवणे होणार असेल, तर त्या दिवशी सराव करू नये.

सुरू करण्याआधी मुलाला एक प्रश्न विचारावा आणि त्याचे उत्तर त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे: 'हे वीस मिनिटं समोर राहिलं आणि तू खाल्लं नाहीस, तर काय होईल असं तुला वाटतं?' मुले सहसा सांगतात की तलफ वाढतच जाईल, डोक्यात दुसरे काही येणार नाही, शेवटी खाल्ले जाईलच. हे भाकीत फार मोलाचे असते. पुढच्या वीस मिनिटांत ते खोटे ठरताना मुलाला स्वतः अनुभवायचे असते, आणि शिकणे घडते ते त्या तफावतीतूनच. म्हणून पालकांनी आधीच 'काही होत नाही गं, जमेल तुला' असा धीर देऊन भाकिताची धार बोथट करू नये.

त्यानंतर पदार्थ समोर ठेवून तलफेचा पहिला आकडा घ्यावा. दोन मिनिटे नुसते पाहावे, मग हातात घ्यावा, मोडावा, नाकाजवळ नेऊन वास घ्यावा, ओठांना लावावा. दर चार-पाच मिनिटांनी आकडा लिहावा. या काळात फोन, टीव्ही किंवा गप्पा नकोत. लक्ष दुसरीकडे वळवणे रस्त्यावर उपयोगी पडते, पण इथे लक्ष पदार्थावरच हवे. मन दुसरीकडे गेले तर पदार्थ समोर असतानाही न खाता राहता येते, हे शिकलेच जात नाही. मुलाला तोंडाला सुटणारे पाणी, घशातली ओढ, हाताची चुळबुळ यांचे वर्णन करू द्यावे. पालकांनी त्या काळात न उपदेश करता ऐकावे.

बहुतेक सरावांत आकडा आधी चढतो, दहा-पंधरा मिनिटे वर राहतो आणि मग भरतीचे पाणी उतरावे तसा हळूहळू खाली येतो. कधी तो खाली येतही नाही. तरी सराव वाया गेला असे मानू नये, कारण तलफ आठवर असतानाही हात आवरला जाऊ शकतो, हेदेखील मुलाच्या दृष्टीने नवेच ज्ञान असते. पाच-सहा सरावांनंतर एक छोटा घास घेऊन थांबण्याचा सराव जोडावा. पहिल्या घासाची चव हीच पुढच्या दहा घासांची खूण असते, आणि 'एकच खातो' म्हणून पाकीट संपवणाऱ्या मुलांना हा टप्पा सर्वांत जड जातो. आठवड्यात दोन किंवा तीन सराव पुरेसे आहेत.

शेवटी पदार्थाचे काय करायचे, हा प्रश्न आपल्या घरांत खरोखर नाजूक आहे. परदेशातील काही प्रशिक्षणांत मुलाने तो स्वतःच्या हाताने कचऱ्यात टाकायचा असतो. 'अन्न हे पूर्णब्रह्म' ऐकत वाढलेल्या मुलाला ते करताना अपराधी वाटते, आणि स्वयंपाकघरातल्या आईला तर त्याहून जास्त. मला ते योग्यही वाटत नाही. म्हणूनच प्रमाण थोडे ठेवायचे. उरलेला पदार्थ मुलाच्या हाताने डब्यात बंद करून वरच्या फडताळात ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी तो घरातल्या मोठ्या माणसाने न बोलता संपवायचा. 'सराव झाला, आता बक्षीस म्हणून खा' असे मात्र चुकूनही म्हणू नये. तसे केले तर थांबणे ही खाण्याआधीची एक पायरी होऊन बसते, आणि तलफ उलट घट्ट होते.

संपल्यावर सुरुवातीला लिहिलेले भाकीत वाचून दाखवावे आणि विचारावे: 'असं झालं का?' उत्तर मुलाने द्यावे. शाबासकी थोडक्यात आणि नेमकी असावी: 'सातवर असतानाही तू हात मागे घेतलास, ते मी पाहिलं.' पैसे, फोनवरचा जादा वेळ किंवा उतरलेल्या किलोमागे बक्षीस ठेवू नये.

चौथी पायरी: दाराबाहेर

घरच्या टेबलावर आठ सराव उत्तम झाले आणि तेच मूल स्टेशनजवळ दोन समोसे खाऊन आले, तर पालक निराश होतात. त्यात मुलाची फसवणूक नसते. जुने शिकलेले पुसले जात नाही. त्यावर नवे शिकलेले चढते, आणि हे नवे ज्या जागी शिकले त्या जागेला चिकटून राहते. अमेरिकी संशोधक मार्क बाउटन यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून हे वारंवार दाखवले आहे. म्हणून सरावाची जागा, वेळ, सोबत आणि पदार्थ बदलत राहणे आवश्यक असते.

पहिले बाहेरचे सराव पालकांबरोबर करावेत. जेवून निघावे, वहीत नोंदलेल्या त्याच गाडीपासून आधी वीस पावलांवर आणि पुढच्या वेळी पाच पावलांवर दहा मिनिटे उभे राहावे, वास घ्यावा, आकडे सांगावेत आणि पुढे चालू लागावे. संध्याकाळी सहाच्या गर्दीत हे जमत नाही, म्हणून सुरुवात रविवारी दुपारी करावी. नंतर मुलाने मित्राबरोबर, आणि शेवटी एकट्याने जावे. फोनवरच्या खुणांसाठी वेगळा सराव लागतो: जेवणानंतर खाद्यपदार्थ मागवण्याचे ॲप उघडायचे, आवडीच्या पदार्थाच्या चित्राकडे पाच मिनिटे पाहायचे आणि काहीही न मागवता ते बंद करायचे.

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमांनुसार जास्त चरबी, मीठ आणि साखर असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि प्रवेशद्वारापासून 50 मीटरच्या आत मुलांना विकता येत नाहीत. नियम चांगला आहे आणि तो पाळला जावा यासाठी पालकांनी शाळेशी बोलले पाहिजे. परंतु शाळेपासून स्टेशनपर्यंतचा रस्ता 50 मीटरपेक्षा बराच लांब असतो, आणि तो मुलाला स्वतःच चालायचा असतो.

त्या रस्त्यासाठी एक छोटे साधन उपयोगी पडते. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी 1999 मध्ये मांडले की 'मी कमी खाईन' अशा नुसत्या निश्चयापेक्षा 'जर असे झाले, तर मी असे करीन' अशी बांधलेली योजना प्रत्यक्षात जास्त वेळा उतरते. मुलाने आपल्या दोन मोठ्या खुणांसाठी अशी दोनच वाक्ये लिहावीत. 'जर क्लास सुटल्यावर सगळे फ्रँकीच्या गाडीकडे वळले, तर मी बाटलीतलं पाणी पिऊन त्यांच्याबरोबर उभा राहीन आणि शेंगदाणे घेईन.' यात मित्रांना सोडून जायचे नाही, याकडे लक्ष द्यावे. या वयात घोळक्यातून तुटणे हे भुकेपेक्षा जास्त दुखते, आणि जी योजना मुलाला एकटे पाडते ती तिसऱ्या दिवशी मोडते. मित्रांनी आग्रह केला तर काय बोलायचे, तेही घरी मोठ्याने म्हणून पाहावे. 'आज नको रे, आत्ताच खाल्लंय' हे बहुतेक मुलांना जमते. 'मी डाएटवर आहे' हे वाक्य टाळावे, कारण त्यावर चेष्टा सुरू होते.

घसरण, सण आणि वजनकाटा

घसरण होणारच. त्या दिवशी वहीत नोंद करावी, पुढचे जेवण नेहमीच्याच वेळी आणि नेहमीएवढेच द्यावे. शिक्षा म्हणून रात्रीचे जेवण बंद केले तर दुसऱ्या दिवशी भूक आणि तलफ एकत्र येतात, आणि त्या दोघींपुढे कोणाचाही टिकाव लागत नाही. 'कालच तर एवढं ठरलं होतं' असे न म्हणता त्या वेळी कोणती खूण होती ते विचारावे; बरेचदा वहीत न आलेली एखादी तिसरी खूण तिथे सापडते. परीक्षेचा ताण, कोणी शरीरावरून मारलेला टोमणा, घरातले भांडण या खुणांना वास नसतो, म्हणून त्या उशिरा लक्षात येतात.

सणाच्या दिवशी सराव करू नये. गणपतीत उकडीचा मोदक ताटात असतो तो खाण्यासाठीच, आणि तो सर्वांबरोबर बसून, चव घेत, आनंदाने खावा. मोह आवरायला शिकणे म्हणजे आवडीचे कायमचे सोडणे, असा अर्थ मुलाच्या मनात रुजला तर संपूर्ण प्रशिक्षण उलटे पडते. दिवाळीत मात्र फराळाचे डबे पंधरा दिवस घरात असतात. तेव्हा सकाळच्या खाण्याबरोबर फराळ वाढून घ्यावा आणि डबे पुन्हा वर ठेवावेत.

घरी वजन करू नये. महिन्यातून एकदा, डॉक्टरांकडे, इतके पुरे. उंची वाढत असताना वजन स्थिर राहिले तरी बीएमआय खाली येतो, आणि अनेक मुलांसाठी तेच उद्दिष्ट योग्य असते. दररोज साधारण तासभर खेळणे, सायकल चालवणे किंवा भरभर चालणे हवे. ते वजनासाठी म्हणून न सांगता त्याला जे आवडते त्यातून साधावे.

साधारण आठ ते दहा आठवड्यांत बहुतेक मुलांचे तलफेचे आकडे खाली स्थिरावतात. त्यानंतर सराव दोन आठवड्यांतून एकदा, मग महिन्यातून एकदा असा विरळ करत न्यावा. दीर्घ खंडानंतर जुनी तलफ पुन्हा डोके वर काढते, हे आधीच मुलाला सांगून ठेवावे, म्हणजे ते घडले की त्याला सगळे फुकट गेल्यासारखे वाटणार नाही. मे महिन्याच्या सुट्टीत गावी गेलेल्या मुलांच्या बाबतीत हे हमखास दिसते: दीड महिना स्टेशनच्या वाटेवर पाऊल पडलेले नसते, आणि जूनमध्ये पहिल्या पावसात तळणीचा वास आला की आकडा थेट नऊवर जातो. शाळा सुरू होण्याच्या आदल्या आठवड्यात दोन सराव घरी आणि एक त्याच वाटेवर, छत्री घेऊन, करून घ्यावा.